फास्ट लेन्स, डेप्थ ऑफ फील्ड आणि रस्त्यावरचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. तिथं रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन आम्ही काही जण फिरतो. नवीन आलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, आणि नांदेड, परभणी, संभाजीनगरहून व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्नही त्यांचेच भाऊबंद. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. वेगळं सांगितलं नसेल तिथं सगळे आकडे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान असलेल्या एपीएस-सीचे आहेत, कारण इकडं बहुतेकांच्या हातात तोच कॅमेरा असतो. आकडे ढोबळ आहेत, टेप घेऊन मोजायला जाऊ नका.

१. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे नेमकं काय? पुस्तकी व्याख्या नको.

आठवडी बाजारातली भाजीवाल्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही रांगेच्या टोकाला उभे आहात आणि तिसऱ्या पालावरच्या मावशींवर फोकस केलाय. लेन्स बिनचूक फोकस करते ते एकाच अंतरावर. त्याच्या जरा अलीकडे आणि जरा पलीकडे चित्र बिघडतं, पण इतकं थोडं की डोळ्याला कळत नाही. हा न कळणारा पट्टा म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. बोलताना आपण नुसतं ‘डेप्थ’ म्हणतो. पट्ट्याला कडा नसते, तो हळूहळू विरत जातो.

ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं भोक) उघडलं, जवळ गेलात किंवा फोकल लेंग्थ (लेन्सवरचा एमएमचा आकडा) वाढवली की पट्टा अरुंद होतो. चौथी गोष्ट कुणी विचारत नाही: फोटो किती मोठा बघणार? मोबाइलच्या पडद्यावर लखलखीत दिसलेला चेहरा १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटवर मऊ निघतो. प्रिंट काढायची असेल तर ॲपर्चर एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं, जास्त बंद ठेवा.

२. फास्ट लेन्स म्हणजे जिचा ऑटोफोकस फास्ट असतो ती का?

नाही. जिच्या ॲपर्चरचा आकडा लहान, म्हणजे भोक मोठं, ती फास्ट: एफ १.४, एफ १.८, एफ २. उजेड जास्त आत येतो, म्हणून शटर वेगात ठेवता येतो, म्हणून फास्ट. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची किट लेन्स ५५ला एफ ५.६ देते. त्याच्या जवळपास दहापट उजेड एफ १.८ आत घेते. कित्येक फास्ट लेन्सचा ऑटोफोकस बैलगाडीच्या चालीनं चालतो, तो विषय वेगळा.

३. ५० एमएम १.८ नवीन घेतली. समोरच्याचा एक डोळा शार्प, दुसरा ब्लर येतो. लेन्स खराब निघाली का?

बहुतेक वेळा लेन्स चांगलीच असते, तुम्ही फार जवळ असता. ५० एमएमला एफ १.८ वर डेप्थ किती मिळते ते बघा: १ मीटरवर साधारण ३ सेंटिमीटर, २ मीटरवर ११-१२ सेंटिमीटर, ३ मीटरवर २६, आणि ५ मीटरवर ७०च्या आसपास. अंतर दुप्पट केलं की डेप्थ चौपट होते.

आता माणसाच्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यानं मान तिरकी केली की एक डोळा दुसऱ्यापेक्षा चार-साडेचार सेंटिमीटर मागे जातो. तुमच्याकडे डेप्थ तीनच सेंटिमीटर. दुसरा डोळा शार्प येणार कुठून?

एक पाऊल मागे सरका, एफ २.८ करा, आणि जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवा. इतकं करूनही, कॅमेरा स्टँडवर ठेवून समोरच्या स्थिर वस्तूवर फोकस केला तरी तो दर वेळी एकाच बाजूला, मागे किंवा पुढे जात असेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याला दाखवा. ही तक्रार मिररलेसपेक्षा डीएसएलआरवर जास्त येते.

४. मग १.८ची लेन्स घेऊन १.८ वर काढायचंच नाही का? तुम्ही स्वतः किती ठेवता?

आधी माझी फजिती सांगतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पहिल्या वर्षी मी दोन दिवस एफ १.८ सोडलाच नाही. घोड्यांच्या बाजारात दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून सौदा करत होते. भाव तोंडानं बोलायचा नाही, बोटं दाबून सांगायचा, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळत नाही. मी तीन मीटरवर. जवळच्या व्यापाऱ्याच्या मिशीचा केस न् केस आला. दुसरा हातभर मागे होता, तो मेणासारखा वितळला. उपरणं म्हणजे एक पांढरा ढग. मागचे घोडे, पालं, धूळ, सगळ्याचं लोणी झालेलं. सौदा त्या उपरण्याखाली चालला होता, आणि फोटोत तेवढंच नव्हतं. घरी आईनं फोटो पाहिला आणि विचारलं, “हे कुणाच्या लग्नातलं रे?”

तिथं एफ ५.६ ठेवला असता तर ८० सेंटिमीटर डेप्थ मिळाली असती. दोन चेहरे आणि मधलं उपरणं त्यात बसलं असतं. उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ला शटरही १/८०० मिळत होता, म्हणजे उजेडाचीही सबब नव्हती.

तेव्हापासून दिवसा माझा कॅमेरा एफ ५.६ वर असतो, गर्दीत शिरलो की एफ ८. त्याखाली मी दोनच कारणांनी जातो. एक, उजेड संपला (प्रश्न १०). दुसरं, मागे वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत. आपल्याकडे कुठल्याही चौकात कुठल्याही म्हातारबाबांच्या डोक्यामागे कुणा भावी आमदाराचं डोकं उगवतं, त्यावर उघडं ॲपर्चर हा थोडाफार उपाय आहे. पण मागे गुलमंडीच्या माड्या असतील, भडकल दरवाजाची कमान असेल, मोंढ्यातली पोत्यांची थप्पी असेल, तर तिचा ब्लर करायला तुम्ही तिथवर गेलातच कशाला? तसा चेहरा स्टुडिओतही निघतो.

५. मागचं किती ब्लर होणार, हे क्लिक करायच्या आधी ओळखता येतं का?

येतं. फोकल लेंग्थला एफच्या आकड्यानं भागा. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. म्हणजे माणसाच्या मागे खूप दूर असलेला दिवा फोटोत त्याच्या चेहऱ्याशेजारी दहाचं नाणं धरल्याएवढा गोल दिसणार. एफ ४ ला तोच दिवा शर्टाच्या बटणाएवढा, एफ ८ ला हरभऱ्याच्या दाण्याएवढा. माणूस जवळ असो की लांब, सेन्सर कुठलाही असो, हे माप बदलत नाही.

मागचं दूर नसेल तर गोल लहान होतो. तुम्ही माणसापासून जितके दूर, तितकीच भिंत त्याच्या मागे असेल, तर तो निम्मा. म्हणूनच फ्लेक्सची गंमत होते. दोन मीटरवर माणूस, त्याच्या मागे दोन मीटरवर फ्लेक्स आणि त्यावर वीतभर अक्षरं असतील, तर एफ १.८ लाही साहेबांचं नाव खुशाल वाचता येतं. तिथं ॲपर्चरशी झटापट करण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरका, माणसामागे लांबवर गेलेला रस्ता येऊ द्या.

६. झोन फोकसिंग कसं करायचं? फोकस करेपर्यंत माणूस निघून जातो.

अंतर आधीच ठरवायचं, फोकस तिथं बांधून ठेवायचा, आणि माणूस त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. लेन्सला शोधत बसू द्यायचं नाही.

२४ एमएम, एफ ८, फोकस अडीच मीटरवर: दीड मीटरपासून आठ मीटरपर्यंत सगळं चालतं. बाजाराच्या बोळीसाठी याहून जास्त काय हवं? ३५ एमएमला एफ ८ वर तीन मीटरला बांधलं तर साधारण सव्वादोन ते पाच मीटर. ५० एमएमला मात्र तेवढ्यालाच अडीच ते पावणेचार, म्हणजे जेमतेम दोन पावलांची जागा. ५०ने झोन फोकस करायला बघणारे दमतात ते यामुळं.

खरं कौशल्य अंतर ओळखण्यात आहे, आणि त्याला घरच्या घरी सराव करता येतो. शहाबादी फरशी बहुतेक ठिकाणी दोन बाय दोन फुटांची असते. पाच फरश्या म्हणजे दहा फूट, म्हणजे तीन मीटर. देवळाच्या सभामंडपात, जुन्या दुकानाच्या ओट्यावर फरश्या मोजत चला. फरशी नसेल तिथं वाव वापरा: दोन्ही हात पसरले की जेवढं होतं तेवढं, साधारण तुमच्या उंचीइतकं. दोन वाव म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास. मी एक महिना चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं अंतर मनात धरायचो आणि मग पावलांनी मोजायचो. टपरीवाल्याला वाटलं मी रस्तारुंदीकरणवाला आहे.

एक कबुली देऊन टाकतो: या कामात फास्ट लेन्सचा काडीचाही उपयोग नाही. किट लेन्स २४ला ठेवून एफ ८ केली तरी पट्टा तेवढाच मिळतो.

७. माझ्या लेन्सवर अंतराचे आकडेच नाहीत. झोन फोकस कसं बांधू?

कॅननच्या ५० एमएम १.८ एसटीएमसारख्या कित्येक नव्या लेन्सवर आकडे नसतात. पाच फरश्यांवरच्या खांबावर ऑटोफोकस करा आणि लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा. किंवा मेनूतून फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. रिंगला हात लागू देऊ नका. कॅमेरा झोपून उठला की काही लेन्स फोकसची जागा विसरतात, तेव्हा चहा पिऊन झाल्यावर पुन्हा बांधा.

८. हायपरफोकल अंतर पाठ करायला लागतं का?

नको. हायपरफोकलला फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालतं. २४ एमएमला एफ ८ वर ते ३.६ मीटर येतं, म्हणजे १.८ मीटरपासून पुढे सगळं. देवगिरीचा किल्ला काढायला उत्तम. बाजारात माणूस दोन-तीन मीटरवर असतो आणि क्षितिज दुकानाच्या पाट्यांमागे लपलेलं असतं, मग ते शार्प ठेवायला डेप्थ कशाला खर्चायची? प्रश्न ६ मधला अडीच मीटरचा हिशेब बरा.

९. मे महिन्यात दुपारी १.८ ला फोटो पांढराफटक येतो. सेटिंग चुकतंय का?

कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर शटर १/१०० लागतो, हा जुना ठोकताळा. तो एफ १.८ पर्यंत उघडत नेला की शटर १/८००० च्या घरात जातो. नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा शटर १/४००० ला संपतो. म्हणजे एक स्टॉप उजेड जास्तीचा आत येणारच, पांढराफटक होणारच. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावला तर शटर १/१००० वर येतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सावली. पारा ४२ वर असताना माणसंही सावलीलाच बसलेली असतात, रसवंतीवर किंवा लिंबाखाली. ऊन धरायचंच असेल तर एफ ८ करा आणि काळ्याभोर सावल्यांचं काहीतरी करा.

१०. रात्री उजेडही कमी आणि डेप्थही हवी. दोन्ही कसं जमवायचं?

पूर्ण जमत नाही. चालता माणूस थांबलेला दिसायला १/१२५ तरी लागतो, त्यामुळं शटरमधून काही मिळत नाही. आयएसओ ३२००, वेळ पडली तर ६४०० करा. ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, चालतो, हललेला फोटो चालत नाही.

पण ॲपर्चर बंद न करताही एक गोष्ट करता येते: महत्त्वाच्या गोष्टी एकाच अंतरावर आणायच्या. जिलेबीवाल्याचं उदाहरण घ्या. समोरून काढला तर कढईवर फिरणारा हात चेहऱ्याच्या हातभर पुढे येतो. एफ २ ला दोन मीटरवरून यातलं एकच मिळणार: चेहरा घेतला तर पिठाची धार गेली, धार घेतली तर तो नुसता बनियन घातलेला ढग. आता ओट्याच्या बाजूला जा. हात आणि चेहरा दोन्ही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आले. तोच एफ २, तेवढाच उजेड, आणि कढईची वाफ, बोटं, कपाळावरचा घाम सगळं त्या पट्ट्यात. रात्रीच्या बाजारात माझं अर्धं काम अशी बाजू शोधण्यातच जातं.

एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे आले तर तो डेप्थचा दोष नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. चालत्या माणसासाठी त्यातला १/१०० घ्या, तो थांबायच्या क्षणाला.

११. मधल्या पॉइंटनं डोळ्यावर फोकस करून कॅमेरा फिरवतो. तरी डोळा मऊ येतो, असं का?

कॅमेरा फिरला की फोकसचं प्रतलही त्याच्याबरोबर फिरतं आणि डोळ्याच्या जरा मागे जाऊन पडतं. दहा अंश फिरवलात तर दर मीटरमागे दीड सेंटिमीटर. १ मीटरवर एकूण डेप्थच ३ सेंटिमीटर (प्रश्न ३), त्यातली पुढची सगळी वाया गेली. एफ ५.६ ला हे जाणवतही नाही. उघड्या ॲपर्चरला फोकस पॉइंटच डोळ्यावर सरकवा, किंवा कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा.

१२. फुल फ्रेम घेतला तर ब्लर जास्त मिळतो म्हणतात. खरं आहे का?

उत्तर तिरपं आहे. तीच ५० एमएम, तोच एफ १.८, त्याच जागी उभे राहून फुल फ्रेमवर काढलात तर २ मीटरवर डेप्थ १७ सेंटिमीटर मिळते, क्रॉपच्या ११-१२ पेक्षा जास्तच! पण फ्रेम मोठी झाल्यानं माणूस लहान दिसतो. त्याला आधीएवढा मोठा करायला तुम्ही १.३ मीटरवर जाता, आणि तिथं डेप्थ ७-८ सेंटिमीटरवर येते. ब्लर वाढतो तो तुमच्या पुढे सरकण्यानं. उलट बाजूनं, घरी कॉम्प्युटरवर फोटो कापून मोठा केलात की त्याची डेप्थही कमी होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘चालेल’ वाटलेला फोटो कापल्यावर चालेनासा होतो तो म्हणून.

१३. माझ्या मोबाइललाही १.८ लिहिलंय. मग मागचं ब्लर का होत नाही?

प्रश्न ५ चा भागाकार करा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ पाच-सात मिलिमीटर असते. भागून तीन-चार मिलिमीटर उरतात, तुरीच्या दाण्याएवढे. पोर्ट्रेट मोडमधला ब्लर सॉफ्टवेअर करतं, आणि फेट्याचा तुरा, कानातले झुबे, चहाची वाफ यांत हमखास फसतं. रस्त्यावर तो मोड बंद ठेवा. मोठी डेप्थ फुकट मिळालीय, ती घ्या.

१४. लोकांच्या जवळ जायची भीती वाटते. ८५ एमएम १.८ घेऊन लांबून काढू का?

लेन्स चांगली आहे, कारण चुकीचं आहे. ५ मीटरवरून ८५ला एफ १.८ वर डेप्थ २५ सेंटिमीटर मिळते. मधून कुणी गेलं की ऑटोफोकस त्याच्यावर उडी मारतो. आणि लांबून नळकांडं रोखलेला माणूस जवळ उभ्या माणसापेक्षा जास्त संशयास्पद दिसतो. ३५ लावा, जवळ जा, विचारा: “माय, एक फोटू काढू का?” बहुतेक वेळा “माझा काय काढतो बाबा, म्हातारीचा” असं म्हणत ती पदर सारखा करते. तो पदर सारखा करतानाचा फोटो काढा. आणि नाही म्हणाली तर नाही. मग कॅमेरा खाली ठेवून भाजी घ्या.

१५. भंडारा, गुलाल उधळताना फोकस सतत पुढे-मागे होतो. काय करावं?

उडालेल्या पावडरीला ऑटोफोकस वस्तू समजतो. ‘येळकोट येळकोट’चा गजर सुरू व्हायच्या आधीच प्रश्न ७ प्रमाणे तीन मीटरला फोकस बांधा, एफ ५.६ किंवा ८, शटर १/१००० च्या पुढे. एफ १.८ ला लेन्सजवळ उडणारा कण न् कण मोठा पिवळा गोल होऊन चेहऱ्यावर बसतो. एखाद्या फोटोत छान दिसतं, सगळ्यांत कावीळ झाल्यासारखं. तिथं लेन्स बदलू नका. काचेवर भंडारा बसला तर आधी ब्लोअरनं उडवा, रुमालानं लगेच पुसलात तर ओरखडे येतील.

१६. एसटीच्या खिडकीतून काढताना मधला गज येतो. तो घालवता येतो का?

इथं मात्र ॲपर्चर पूर्ण उघडायचं. प्रश्न ५ चाच आकडा पुन्हा कामाला येतो: ५० एमएमला एफ १.८ वर लेन्सचं भोक २८ मिलिमीटरचं असतं. बोटाएवढा गज त्यापेक्षा बारीक, म्हणून त्याच्या वरून-खालून उजेड आत येत राहतो आणि गज विरून जातो. फार तर एक फिकट सावली उरते. एफ ८ ला भोक सहा मिलिमीटरचं झालं की गज ते पूर्ण झाकू शकतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. लेन्स गजाला जवळजवळ टेकवा, पण टेकवू नका, गाडीच्या हादऱ्यानं काचेला टिचकी बसेल. बीबी का मकबऱ्याच्या जाळीतून बाहेरचं काढतानाही हीच युक्ती, फक्त जाळीची नक्षी गजापेक्षा जाड असते. तिथं नक्षी लपवण्यापेक्षा जाळीच्या भोकातूनच लेन्स बघू द्या.